उच्च शिक्षण हाच विषय घेऊन एमए किंवा पीएचडी : मुंबईत राहून काय जमेल?

मुलुंड_स्लो
शिक्षणशास्त्र म्हटलं की आपल्याकडे बीएड, एमएड आणि शाळा एवढंच समोर येतं. मला विचारायचंय ते बारावीनंतरच्या शिक्षणाबद्दल. कॉलेज आणि विद्यापीठ हाच अभ्यासाचा विषय. म्हणजे अनुदान कसं वाटलं जातं, स्वायत्तता मिळालेल्या कॉलेजात अभ्यासक्रम खरोखर बदलतो की फक्त मुखपृष्ठ, एफवायला आलेली मुलं टीवायपर्यंत का पोचत नाहीत, वगैरे. अमेरिकेत यासाठी स्वतंत्र विभाग असतात.

परिस्थिती अशी धरा: एमकॉम आणि नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालेली, मुंबईतल्या अनुदानित कॉलेजात वाणिज्य शिकवणारी व्यक्ती, आयक्यूएसीचं (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं) काम गळ्यात, नोकरी सोडणं शक्य नाही. अशा माणसाने हा विषय कुठे शिकावा? आधी एमए की थेट पीएचडी? बढतीला उपयोग होतो का? 'काही उपयोग नाही' हे उत्तरही चालेल, फक्त कारण सांगा.

शंकासूर
काही उपयोग नाही. कारण: नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या परिषदेच्या) फायली भरायला पीएचडी लागत नाही, पाठीचा कणा लागतो.

कटिंग_चहा
शंकासूर +१. आणि ३१ डिसेंबरच्या आत एक्यूएआर (नॅकचा वार्षिक अहवाल) अपलोड करायला कणा नाही, वायफाय लागतो.

खडूची_भुकटी
विनोद झाले असतील तर बढतीचं आधी सांगतो, कारण फसगत तिथेच होते.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीप्रमाणे वेतनाच्या लेव्हल १२ मधून १३ए ला, म्हणजे सहयोगी प्राध्यापक होताना, पीएचडी हवी आणि ती संबंधित किंवा संलग्न विषयातली हवी. वाणिज्याच्या पदावरच्या व्यक्तीने शिक्षणशास्त्रातून पीएचडी आणली की छाननी समितीत पहिला प्रश्न हाच येतो: ही पदवी वाणिज्याशी संलग्न कशी? हे ठरवायचा अधिकार समितीचा, आपला नाही. खालच्या टप्प्यावरही फरक आहे. लेव्हल १० वरून ११ ला पीएचडी असेल तर ४ वर्षांत, एमफिल असेल तर ५, दोन्ही नसेल तर ६.

म्हणून विषय तोच ठेवा, दार बदला. 'स्वयंअर्थसाहाय्यित अभ्यासक्रमांची शुल्करचना', 'अनुदानित कॉलेजांचा वेतनेतर खर्च' हे विषय वाणिज्य किंवा अर्थशास्त्रातही बसतात. नोंदणी वाणिज्यात, वाचन उच्च शिक्षणाचं. गाइड मात्र असा शोधायला लागतो की ज्याला हे चालेल. वाणिज्याच्या विभागात 'ग्राहक समाधान' सोडून दुसरं काही सुचवलं की भुवया उंचावतात, याची तयारी ठेवा.

दुसरा गैरसमज म्हणजे एमए शिक्षणशास्त्र झालं की बीएड कॉलेजात शिकवता येतं. नाही. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या निकषांत एमएड तरी हवं, नाहीतर एमए शिक्षणशास्त्राच्या जोडीला बीएड किंवा तत्सम पदवी हवी. नुसतं एमए हातात धरून बीएड कॉलेजच्या मुलाखतीला जाऊ नये.

देवनार_नाका
'उच्च शिक्षण' अशी पाटी लावलेला विभाग मुंबईत शोधत बसू नका. विषय वेगवेगळ्या घरांत भाड्याने राहतो.

देवनारला टिस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था. तिथलं एमए शिक्षणशास्त्र मुळात शालेय शिक्षणाकडून आलेलं, पण धोरण, समाजशास्त्र आणि संशोधनपद्धती यांचा पाया पक्का होतो. प्रवेश आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. पूर्णवेळ आहे, म्हणजे धागाकर्त्याच्या परिस्थितीत बाद.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, मानखुर्दला, टीआयएफआरचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. विज्ञान आणि गणित शिकण्या-शिकवण्यावर पीएचडी, त्यात पदवी पातळीवरचं अध्यापनही येतं. पवईला आयआयटीत शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएचडी. दोन्हीकडे प्रश्न 'मूल कसं शिकतं' असा असतो, 'संस्था कशी चालते' असा नाही. ज्याला अनुदान आणि प्रशासन यात रस आहे त्याने तिथे अर्ज केला तर मुलाखतीतच समजेल की पत्ता चुकला.

कालिन्याला मुंबई विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग, आणि १९१६ ला महर्षी कर्व्यांनी सुरू केलेलं एसएनडीटी. तिथे शिक्षणशास्त्र आणि जुहूच्या आवारात शैक्षणिक तंत्रज्ञान.

नोकरी सांभाळून, नेमका हाच विषय हवा असेल तर इग्नूचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम, उच्च शिक्षण याच नावाचा. चार पेपर: उच्च शिक्षणाचा संदर्भ, अध्यापन, मानसिक-सामाजिक बाजू, आणि नियोजन-व्यवस्थापन. शिवाय प्रकल्प. इग्नूच्या एमए शिक्षणशास्त्रातही हेच चार पेपर विशेषीकरण म्हणून घेता येतात. साहित्य ई-ज्ञानकोश या इग्नूच्या संकेतस्थळावर फुकट आहे. आधी ते चाळा, आवडलं तर फी भरा.

चर्चगेट_लेडीज
इग्नूबद्दल एक भर. स्वाध्याय वेळेत दिले नाहीत तर सत्रांत परीक्षा देऊनही निकाल अपूर्ण राहतो. जून किंवा डिसेंबर, ज्या सत्राला बसायचं त्याच्या स्वाध्यायाची शेवटची तारीख आधी बघा. नोकरी करणारे इथेच अडकतात, परीक्षेत नाही. साहित्याचा काही भाग जुना आहे, आकडे तर फारच. चौकट समजून घेण्यापुरतं वाचा, आकडे दुसरीकडून घ्या.

दिल्लीचं नीपा कुणीच काढलं नाही? शैक्षणिक नियोजन आणि प्रशासन यांची राष्ट्रीय संस्था. २००६ पासून अभिमत विद्यापीठ. उच्च शिक्षण धोरण संशोधनाचं वेगळं केंद्र तिथे आहे. पीएचडीला दिल्लीत राहावं लागेल, पण त्यांचे संशोधन निबंध मुंबईत बसून वाचता येतात, आणि प्रश्न कसा मांडावा याचा नमुना म्हणून ते उपयोगी पडतात.

शंकासूर
म्हणजे एकूण काय, देवनार, मानखुर्द, पवई, कालिना, जुहू, चर्चगेट. पीएचडी कशीही होवो, तिन्ही मार्गांचा पास काढून ठेवा.

परतलेला_पाहुणा
अमेरिकेबद्दल धाग्यात उल्लेख आला म्हणून. हा विषय तिथे जुना आहे. क्लार्क विद्यापीठात स्टॅन्ली हॉलने १८९३ मध्ये उच्च शिक्षणावर वर्ग घेतला, तेव्हापासून मोजतात. पण त्या एमएचा ढाचा समजून घ्या. बहुतेक ठिकाणी ती कर्मचारी घडवणारी पदवी आहे: वसतिगृह व्यवस्थापन, विद्यार्थी सल्लागार, प्रवेश कार्यालय, माजी विद्यार्थी निधी. ही खाती तिथे स्वतंत्र असतात, पगारी असतात. आपल्याकडे हीच कामं प्राध्यापक, हेडक्लार्क आणि एक शिपाई मिळून करतात. त्यामुळे पदवी घेऊन परत आलात तर 'पद' सापडत नाही.

जायचंच असेल तर व्यवहाराच्या दोन गोष्टी. एक, असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातच अर्धवेळ पगारी काम. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारात आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि शिकवणी शुल्कात माफी असलेली असिस्टंटशिप त्या २० तासांतच बसते. माफी नसेल तर हिशेब जुळत नाही. दोन, सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक. उच्च शिक्षण प्रशासनाचा कोड १३.०४०६. हा स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नाही, म्हणजे ओपीटी (शिक्षणानंतर तिथे काम करायची मुभा) १२ महिने, संपला विषय. शैक्षणिक तंत्रज्ञान १३.०५०१ आणि शैक्षणिक संख्याशास्त्र व संशोधनपद्धती १३.०६०३ यादीत आहेत, त्यांना आणखी २४ महिन्यांची वाढ मागता येते. एकाच इमारतीत, शेजारच्या खोलीत शिकवल्या जाणाऱ्या दोन पदव्या, पण व्हिसाच्या दृष्टीने फरक दोन वर्षांचा. अर्ज करण्याआधी विभागाला मेल करून कोड लेखी मागवा.

ईडीडी (डॉक्टर ऑफ एज्युकेशन) आणि पीएचडी यात गोंधळ होतो. ईडीडी काम करत राहणाऱ्या प्रशासकांसाठी, प्रबंधही संस्थेतल्या प्रत्यक्ष अडचणीवर. प्राध्यापकी करायची असेल तर पीएचडीच घ्या. परदेशी पदवीला भारतात समकक्षता लागते. यूजीसीचे त्याबद्दलचे नियम २०२५ मध्ये नव्याने आलेत, ते जाण्याआधी वाचा, आल्यावर नाही.

टीवाय_केटी
युरोपात इरास्मस मुंडस या युरोपीय संघाच्या योजनेखाली 'मारिहे' नावाचं संयुक्त एमए आहे, उच्च शिक्षणातलं संशोधन आणि नवोपक्रम यावर. १२० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट), दोन वर्षं, सुरुवात ऑस्ट्रियातल्या क्रेम्सला, मग सत्रागणिक देश बदलतो. इरास्मस मुंडसची शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा १४०० युरो, न मिळाल्यास विचार करू नये असं माझं मत. धागाकर्त्याला नाही, पण बिनपगारी रजा मिळू शकणाऱ्या कुणा वाचकाला उपयोगी पडेल.

मुलुंड_स्लो
सगळ्यांचे आभार. परदेश बाद. खडूची_भुकटी यांचं 'दार बदला' डोक्यात घेतलंय. पण मग पीएचडीचा प्रश्न कसा बांधायचा? मनात विषय आहे तो गळतीचा: मुंबईतल्या कॉलेजांत बीकॉमची मुलं एफवाय ते टीवाय किती गळतात आणि का. हे होण्यासारखं आहे का?

आकडेमोड
होण्यासारखं आहे, पण 'गळती' मोजायची कशी हे आधी ठरवा. एक काल्पनिक उदाहरण. एफवायला १२० मुलं, दोन वर्षांनी टीवायच्या हजेरीपटावर ८४. बहुतेक प्रबंधांत लिहितात: गळती ३६, म्हणजे ३० टक्के. चूक. त्या ८४ मध्ये १० जण दुसऱ्या कॉलेजातून थेट आलेले आणि ८ जण आधीच्या तुकडीतले रेंगाळलेले. मूळ १२० पैकी टीवायला पोचले ६६. म्हणजे ५४ गायब? तेही नाही. १५ जण केटीमुळे एसवायला थांबलेत, नाव पटावर आहे. १२ जण ट्रान्सफर घेऊन दुसरीकडे शिकताहेत. शिक्षण सुटलं असं म्हणता येईल ते २७, म्हणजे २२.५ टक्के. एकाच पटावरून तीन उत्तरं.

त्यामुळे वर्गसंख्येची वजाबाकी नको, तुकडीचा माग हवा. पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) धरून प्रत्येक नाव पुढे न्यायचं. ट्रान्सफर सर्टिफिकेटची नोंदवही वेगळी मागायची. कार्यालयात ती असते, पण बहुतेक ठिकाणी अजून कागदावर. शंभर-सव्वाशे नावांच्या तुकडीला दोन-तीन बैठका लागतात, शिवाय कार्यालय अधीक्षकांची मर्जी.

हजेरीपट
आकडेमोड यांच्या हिशेबात आता एक नवी गुंतागुंत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना आपल्याकडे संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली, स्वायत्त कॉलेजांत एक वर्ष आधी. त्यात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन अधिकृतपणे बाहेर पडता येतं. क्रेडिट अकॅडमिक बँकेत (क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात) राहतात आणि परत येता येतं. मग एफवायनंतर बाहेर पडलेली मुलगी गळली की उत्तीर्ण झाली? तिने प्रमाणपत्रासाठीचे जादा क्रेडिट पूर्ण केले असतील तर एक उत्तर, फॉर्मच भरला नसेल तर दुसरं. व्याख्या पहिल्या प्रकरणात लिहून टाका, नाहीतर तोंडी परीक्षेत यावरच अर्धा तास जातो.

सोपा मार्ग हवा असेल तर संलग्न कॉलेजांतली जुन्या रचनेची शेवटची तुकडी घ्या, २०२३-२४ ला एफवायला आलेली. ती २०२५-२६ ला टीवाय झाली. व्याख्या स्वच्छ राहते. तोटा असा की विषय 'इतिहास' वाटतो. पण पीएचडी हातात पडेपर्यंत सगळंच इतिहास झालेलं असतं.

शंकासूर
एवढी मारामारी कशाला? एआयएसएचईचे, म्हणजे केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाचे, आकडे फुकट मिळतात. ते उतरवा, चार आलेख काढा, झालं.

आकडेमोड
शंकासूर, हे वाक्य प्रबंधात लिहिलेले लोक खरोखर आहेत.

एआयएसएचई २०१०-११ पासून आहे आणि उपयोगीही आहे. २०२१-२२ च्या अहवालात देशभर ४.३३ कोटी विद्यार्थी, सकल नोंदणी प्रमाण २८.४. पण तीन खड्डे आहेत.

पहिला, छेद. हे प्रमाण १८ ते २३ वयाच्या अंदाजित लोकसंख्येवर काढतात. आधीचे अहवाल २००१ च्या जनगणनेवरून केलेल्या अंदाजावर होते, नंतरचे २०११ च्या. म्हणून २०१९-२० चा आकडा त्या वर्षीच्या अहवालात २७.१ आहे, आणि पुढच्या अहवालात तुलनेसाठी सुधारून २५.६. ज्याने २७.१ आणि २०२०-२१ चा २७.३ शेजारी ठेवले त्याने 'वाढ थांबली' असं लिहिलं. प्रत्यक्षात एकाच पायावर वाढ १.७ अंशांची.

दुसरा खड्डा खास मुंबईचा. विद्यार्थी मोजला जातो कॉलेजच्या पत्त्यावर, लोकसंख्या मोजली जाते घराच्या पत्त्यावर. विरार, कल्याण, पनवेलची मुलं चर्चगेट-फोर्टच्या कॉलेजांत. शहर जिल्ह्याचं प्रमाण काढलंत तर ते फुगतं आणि पालघरचं पडतं. जिल्हावार तुलना मुंबई परिसरात करूच नये.

तिसरा, अनुदानित आणि स्वयंअर्थसाहाय्यित. बीकॉम अनुदानित, त्याच मजल्यावर बीएमएस, बीएएफ, बीएस्सी आयटी स्वयंअर्थसाहाय्यित. एआयएसएचईत कॉलेजचा कोड एकच. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण काढलंत तर दोन वेगळ्या संस्थांची सरासरी येते, जी दोघांनाही लागू नाही. ग्रंथालय, प्रयोगशाळा ज्युनिअर कॉलेजशी सामायिक, पण अकरावी-बारावीची मुलं या सर्वेक्षणात नाहीत. म्हणजे माणशी पुस्तकं वगैरे गुणोत्तरं कागदावर भरघोस दिसतात.

खडूची_भुकटी
तिसऱ्या खड्ड्याबद्दल सहमत, पण उपाय आहे. अनुदानित तुकड्यांची मंजूर पदं आणि वेतन याचा हिशेब उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे असतो. माहिती अधिकारात अर्ज, १० रुपये शुल्क, ३० दिवस. अर्जात 'सर्व कॉलेजांची सर्व माहिती' लिहिलंत तर 'संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं उत्तर येणारच. पाच कॉलेजं, एक वर्ष, दोन रकाने, एवढंच मागा. आणि 'का' विचारू नका, प्रत मागा. कायद्यात नोंद मिळते, स्पष्टीकरण नाही.

चर्चगेट_लेडीज
'का' याचं उत्तर आकड्यांतून येणार नाहीच, मुलांकडून येईल. तिथे पुन्हा नमुना. 'मुंबईतले ८०० विद्यार्थी' असं प्रबंधात अभिमानाने लिहितात. २० कॉलेजं, प्रत्येकी ४०. पण एकाच कॉलेजातली मुलं एकमेकांसारखी असतात: तोच प्रवेशाचा कटऑफ, तीच फी, तेच शिक्षक. हा सारखेपणा शून्य ते एकच्या मापावर ०.१ धरला तर नमुन्याच्या रचनेचा परिणाम (माहिती किती पटींनी घटते तो आकडा) १ + ३९ × ०.१ = ४.९. म्हणजे ८०० मुलांची माहिती सुट्या निवडलेल्या सुमारे १६३ मुलांएवढीच. तीच ८०० मुलं ४० कॉलेजांतून २०-२० घेतली तर परिणाम २.९, आणि वजन २७६ चं. कॉलेजं वाढवा, वर्गातली मुलं कमी करा. पळापळ दुप्पट होते हे मान्य.

गूगल फॉर्म व्हॉट्सॲपच्या वर्गगटावर टाकणं हा तर गळतीच्या अभ्यासाचा घातच. फॉर्म कोण भरतं? पहिल्या बाकावरची मुलं. गळलेली मुलं गटातून कधीच बाहेर पडलेली असतात.

टीवाय_केटी
मग गळलेली मुलं सापडतात कुठे?

चर्चगेट_लेडीज
प्रवेश अर्जावरच्या फोननंबरांतून, कॉलेजच्या लेखी परवानगीने. बरेच नंबर बंद निघतात, पालकांचा नंबर जास्त टिकतो. आणि संमतीचं विसरू नका. जुलैत एफवायला आलेली बरीच मुलं १७ वर्षांची असतात. १८ खाली पालकांची संमती आणि मुलाचा होकार, दोन वेगळे कागद. नैतिकता समिती नंतर मागते आणि तेव्हा मागे जाऊन सह्या घेता येत नाहीत. स्वतःच्या वर्गातल्या मुलांना स्वतः प्रश्नावली देणंही टाळावं. अंतर्गत गुण ज्याच्या हातात त्याला 'शिक्षक चांगले शिकवतात का' याचं खरं उत्तर कोण देणार?

हजेरीपट
वेळापत्रकही बघा. जूनमध्ये कार्यालयं प्रवेशात बुडालेली, ऑक्टोबर-नोव्हेंबर परीक्षा आणि दिवाळी, मार्चपासून पुन्हा परीक्षा. मुलं वर्गात सापडतात ती मध्य जुलै ते सप्टेंबर, त्यातून गणपतीचे दिवस वजा, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी, त्यातून कॉलेज फेस्टिव्हल वजा. प्राचार्यांचं परवानगीपत्र या खिडकीच्या एक महिना आधी हातात हवं. पत्राला विद्यापीठाच्या मान्यता पत्राची प्रत, प्रश्नावली आणि 'कॉलेजचं नाव छापलं जाणार नाही' हे वाक्य जोडा. त्या एका वाक्याने बरीच दारं उघडतात.

देवनार_नाका
अवांतर: मुंबईच्या कॉलेजांवर संशोधन करणाऱ्यांत फिलिप आल्टबाख हे मोठं नाव. १९६० च्या दशकात त्यांनी मुंबईतल्या विद्यार्थी राजकारणावर काम केलं, आणि पुढे १९९५ मध्ये बॉस्टन कॉलेजात आंतरराष्ट्रीय उच्च शिक्षणाचं केंद्र उभं केलं. त्या केंद्राचं त्रैमासिक जालावर फुकट आहे, लेख दोन-तीन पानांचे. लोकलमध्ये एका स्टेशनाला एक लेख होतो. सुरुवातीच्या वाचनाला याहून बरं काही नाही.

शंकासूर
मुलुंड स्लोमध्ये बसायला मिळालं तर.

कटिंग_चहा
शंकासूर आज फॉर्मात.

परतलेला_पाहुणा
वाचनाबद्दल: समाजशास्त्रज्ञ मार्टिन ट्रो यांची १९७३ ची मांडणी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नोंदणी १५ टक्क्यांपर्यंत असेल तर उच्च शिक्षण अभिजनांचं, १५ ते ५० सर्वसामान्यांचं, ५० च्या पुढे सार्वत्रिक. २०३५ पर्यंत ५० टक्के हे राष्ट्रीय धोरणाचं लक्ष्य त्याच उंबरठ्यावर आहे. पण ट्रो यांची मांडणी श्रीमंत देशांची. तिथे संस्थांचं स्वरूप बदललं, आपल्याकडे संलग्न कॉलेजांची संख्या वाढली आणि परीक्षा विभाग तोच राहिला. गळतीचा अभ्यास इथे येऊन भिडतो, त्यामुळे सैद्धांतिक प्रकरण आपोआप तयार होतं.

खडूची_भुकटी
सिद्धांत ठीक, पण गाइड मिळाल्याशिवाय सगळं हवेत. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून रिक्त जागांची यादी बघताना निवृत्तीचं सालही बघा. मुदत किमान ३ वर्षं, कमाल ६, पुनर्नोंदणीने आणखी २. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर २, एकूण १० च्या आत. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिट, त्यात ५५ टक्के हवेत.

प्रबंध देताना दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा द्यावा लागतो, ६० च्या वर नोंदणीच रद्द. उच्च शिक्षणाच्या प्रबंधांत साम्य येतं कुठून? आयोगांच्या इतिहासाच्या प्रकरणातून. राधाकृष्णन आयोग, कोठारी आयोग, सगळ्यांनी तीच वाक्यं उचललेली. ते प्रकरण चार पानांत आटपा. विषय ठरवण्याआधी शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) 'कॉलेज', 'गळती', 'वाणिज्य' असे शब्द फिरवून कुणी काय केलंय ते बघा.

मुलुंड_स्लो
एवढं सगळं वाचून आराखडा असा दिसतोय: पीएचडी वाणिज्यातच, विषय बीकॉमची गळती आणि तिचा फीशी व अनुदानाशी संबंध, २०२३-२४ ची तुकडी, तुकडीचा माग पीआरएनवरून, कॉलेजं जास्त आणि मुलं कमी. उच्च शिक्षणाची पायाभरणी म्हणून इग्नूची पदविका. दोन शंका राहिल्या. पीएचडी आणि पदविका एकदम चालतील का? आणि कॉलेजकडून नक्की कोणता कागद घ्यायचा?

चर्चगेट_लेडीज
एकदम नको. दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायची मुभा २०२२ ला मिळाली, पण ती पीएचडीला लागू नाही. पदविका आधी उरका, अर्ज नंतर. तुमचं नेट वाणिज्यातलं आहे आणि नोंदणीही वाणिज्यात, त्यामुळे विषयाची अडचण नाही. मात्र २०२४ पासूनच्या नव्या पद्धतीत नेटच्या गुणांवर पीएचडीला प्रवेश घेताना, जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) नसेल तर, ते गुण एक वर्षच चालतात. ७० टक्के वजन त्या गुणांना, ३० टक्के मुलाखतीला. नेट जुनं असेल तर पदविकेच्या वर्षातच पुन्हा बसा किंवा विद्यापीठाची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) द्या. आधी जाहिरातीत कुठलं नेट धरतात ते वाचा.

मुलुंड_स्लो
नेट जुनंच आहे. म्हणजे पदविका आणि पेट एकाच वर्षात. बरं, कागद?

खडूची_भुकटी
ना-हरकत प्रमाणपत्र. कॉलेजं एका ओळीचं देतात, 'आमची हरकत नाही', आणि ते परत येतं. अर्धवेळ पीएचडीसाठी त्यात तीन गोष्टी लेखी हव्यात: अर्धवेळ संशोधनाची परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं केलं जाईल. तिसऱ्या वाक्यावर प्राचार्य अडतात, कारण तासांची सोय त्यांना करावी लागते. मसुदा स्वतः टाइप करून न्या, सोबत बदली तासांचं वेळापत्रक आणि ते घेणाऱ्या सहकाऱ्याची सही. जावक क्रमांक आणि तारीख टाकल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.